अठ्ठावीस दिवसांचा नकाशा

मोहन, तुझं जीपीएस मी ऋतुजाला दिलं नाही. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच तुला सांगतो.

तुझ्या बाराव्याला, माणसं पांगल्यावर, अलका वहिनींनी ते कापडी पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "भावजी, पोरगी कामावर जाताना हेच नेणार म्हणते. तुम्ही एकदा अपडेट करून द्या." मी मान हलवली आणि पिशवी घेऊन वडाळ्याहून परळला घरी आलो. त्यानंतर आठ दिवस मी ऋतुजाचा फोन उचलला नाही. तुझ्या मुलीचा फोन. बीडीडी चाळीच्या गॅलरीत जिला मी कडेवर घेऊन हिंडवलं, तिचं नाव मोबाइलवर चमकत राहायचं आणि मी बघत बसायचो.

घाबरलो होतो रे. अजूनही आहे. तू असताना तुला तोंडावर सांगता आली नाही अशी एक गोष्ट माझ्याकडे होती. आणि आता तुझी एक गोष्ट मला कळलीय, तिच्यावरून मला तुझ्याशी भांडायचंय. दोन्ही आज बोलून टाकतो.

तुझ्या शोकसभेत तुझ्या कंपनीच्या साहेबांनी माझी ओळख करून दिली, "हे कॅप्टनचे वरळीचे लहानपणचे मित्र." एवढंच. आपण एका मजल्यावरचे, आपले बाप एका गिरणीतले, हे त्यांना माहीत होतं. पण दर अठ्ठावीस दिवसांनी तू माझे जिने का चढायचास, हे तिथे एकालाही ठाऊक नव्हतं.

मी फोर्टातल्या जहाजांच्या नकाशांच्या दुकानात तीस वर्षं एकच काम केलं. दुरुस्त्या. कुठे दीपस्तंभाचा दिवा बदलला, कुठे बोट बुडाली, कुठे नवा तरंगता बोया टाकला, की पत्रक यायचं आणि बारीक निबेने जांभळ्या शाईत मी ते नकाशावर चढवायचो. तू हसायचास. "दत्त्या, तू समुद्राचा शिंपी. नुसती ठिगळं लावतोस." मी म्हणायचो, ठिगळ चुकलं तर जहाज खडकावर जातं. तू म्हणायचास, "म्हणून तर आम्ही पायलट वरून जातो."

मग एक दिवस तूच आलास. तुमचं चार आसनी विमान, वरून जमिनीचे फोटो काढायचं काम. म्हणजे खालून खालून, डोंगरांच्या कडेकडेने उडायचं. विमानातली उपकरणं होतीच, मांडीवर कागदी नकाशाही असायचा, पण सोबतीला हातात मावेल असं एक जीपीएस असावं असं तुला वाटायला लागलं. दोन ओळखीच्या पायलटांकडून तू दोन यंत्रं मागून आणलीस आणि मला आपल्या जुन्या चाळीच्या गच्चीवर नेलंस. मे महिना, भर बारा वाजता. शेजारच्या काकूंचे पापड वाळत होते. तू काळा चष्मा लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलास आणि यंत्र गुडघ्याला पट्ट्याने बांधलंस.

"ऊन पडद्यावर पाड. आता खुर्ची हलव."

"कशी हलवू?"

"घाटावर विमान हलतं तशी. अरे जोरात! पापड सांभाळ."

मी खुर्ची गदागदा हलवत होतो आणि तू पडद्यावर बोट टेकवायचा प्रयत्न करत होतास. टचवाल्या यंत्रावर तुझं बोट दर वेळी भलतीकडेच पडायचं. दुसऱ्याला बटणं होती. ती तू न बघता दाबलीस, अंगठ्याने चाचपून. काकू पापड उलटायला आल्या आणि म्हणाल्या, "ह्या दोघांका काय झाला?" तू गंभीरपणे म्हणालास, "काकू, विमान चलवतंय." मी मात्र हसलो नव्हतो. खुर्ची हलवताना पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं, की वर तू खरोखर असा हलत असतोस आणि त्यातच तुला वाचायचं असतं.

बटणांचं यंत्र ठरलं. तुझ्या भाच्याने परदेशातून आणलं. डबा उघडला, सुरू केलं, तर आत सगळी अमेरिका. नद्या, धावपट्ट्या, तळी. आपल्याकडे आणलं तर मुंबई म्हणजे एक रिकामा करडा पट्टा. तू चिडलास. मी मात्र खूश झालो, कारण इथे तुला माझी गरज होती. कुठल्या विभागाचा नकाशा घ्यायचा, फाइल कुठून उतरवायची, यंत्रात कशी भरायची, हे दोन रविवार बसून मी शोधून काढलं. तेव्हाच कळलं, की तुमच्या नकाशालाही मुदत असते. अठ्ठावीस दिवस. त्यानंतर तो नकाशा शिळा.

"हे तुझं काम, दत्त्या," तू म्हणालास. "मला कॉम्प्युटरचं काय कळत नाय. शिंपी तू."

असं ते सुरू झालं. तू यायचास, आमची शुभा चहा टाकायची, मी केबल जोडायचो. दोन फाइली असायच्या. एकीत विमानतळ आणि हवाई हद्दी. दुसरीत डोंगर आणि अडथळे, म्हणजे टॉवर, चिमण्या, क्रेन. दुसरी भरायला फार वेळ लागायचा. तेवढ्यात तू लालबाग-परळचे नवे टॉवर पडद्यावर शोधायचास, कुठल्या गिरणीच्या जागेवर कुठला उभा राहिला ते सांगायचास, आणि मी डोळे त्या सरकत्या पट्टीवरून काढायचो नाही.

एकदा काढले.

ती गोष्ट अशी. त्या वेळी तू वर आला नाहीस. यंत्र आदल्या दिवशी ठेवून गेला होतास आणि सकाळी घ्यायला आलास, तो खालीच मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवत राहिलास. एकदा, दोनदा, सारखा. समोरच्या इमारतीतून कुणीतरी ओरडलं. मला राग आला. पहिली फाइल पूर्ण झाली होती, दुसरी चालू होती, पट्टी अर्ध्यावर होती की शेवटाला, मला आजही आठवत नाही. मी केबल ओढली, यंत्र पिशवीत टाकलं, खाली येऊन तुझ्या हातात दिलं. "कशाला बोंबलतोस?" तू म्हणालास, "उशीर झालाय रे," आणि गेलास.

चार दिवसांनी तू आलास तेव्हा शुभाने थालीपीठ लावलं होतं. तू खाता खाता सांगितलंस. कोकणातल्या एका डोंगरावर धुरकट हवा होती, फोटोसाठी तू खाली आला होतास, आणि उजव्या खिडकीत एकदम लोखंडी मनोरा आला. लाल-पांढरे पट्टे मोजता येतील इतका जवळ. "आपल्या चाळीच्या दोन इमारतींमध्ये जेवढी गल्ली होती ना, तेवढं अंतर. यंत्र गप्प. एरवी कसं लाल होऊन बोंबलतं, तर एकदम गप्प."

शुभाचा हात तव्यावरच थांबला. मी काय म्हणालो, आठवतं तुला? मी म्हणालो, "नवीन असेल मनोरा. यादीत आला नसेल अजून."

"असेल," तू म्हणालास, आणि दुसरं थालीपीठ मागितलंस.

तू गेल्यावर मी कॉम्प्युटरवर अडथळ्यांची यादी उघडली. मनोरा त्यात होता. त्याच महिन्याच्या फाइलमध्ये, जी मी भरली असं मला वाटत होतं. पुढच्या खेपेला तुझं यंत्र हातात आल्यावर मी आधी तारखा बघितल्या. पहिली फाइल ताजी, दुसरी जुनी. तीस वर्षं जहाजांचे नकाशे दुरुस्त करणारा माणूस, एक ठिगळ अर्धवट सोडून मोकळा झाला होता, आणि ते तुझ्या अंगावर होतं.

मी तुला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. तुला विमान चालवताना मी कधी बघितलं नाही, पण त्यानंतर तू उडणार असलास की मी खिडकीतून दहा वेळा आकाश बघायचो. तू उतरल्याचा फोन करायचास तोवर मी घराबाहेर पडायचो नाही. शुभाला वाटायचं, वय झालंय. फाइल भरताना मी तिला फोनसुद्धा उचलू द्यायचो नाही. एकदा भरून झाली की परत भरायचो. तू म्हणायचास, "किती वेळ रे?" मी म्हणायचो, "बस गप."

आणि तूही एक नवी सवय लावून घेतली होतीस. यंत्र हातात घेण्याआधी म्हणायचास, "वाच." मग मी दोन्ही तारखा मोठ्याने वाचायच्या आणि तू माझ्यामागून त्या म्हणायच्या. मला वाटायचं, चेष्टा करतोस. शाळेतल्या पाढ्यांसारखी.

गेल्या वर्षी पायलटांच्या मेडिकल तपासणीत डॉक्टरांनी तुला खाली बसवलं. उडणं संपलं. तरी तू येत राहिलास. अठ्ठाविसाव्या दिवशी, पिशवी घेऊन. "आता कशाला?" मी एकदाच विचारलं. तू म्हणालास, "शिळं ठेवू नये घरात." जिना चढून आल्यावर पाच-पाच मिनिटं तुला बोलता यायचं नाही. आपलं शेवटचं भांडणही त्यावरूनच. यंत्राच्या कंपनीने कळवलं होतं, की ह्या मॉडेलला आता थोडेच महिने नकाशे मिळतील, पुढे बंद. मी म्हणालो, ऋतुजाला पायलटचं लायसन्स मिळालंय, तिच्यासाठी नवं बघूया. तू उसळलास. "चांगलं चाललंय ना? तिला हेच देणार. गप रे मेल्या, तुका काय कळता त्यातला?" मीही आवाज चढवला. शुभा आतून आली. तू चहा अर्धा टाकून निघून गेलास. पुढच्या अठ्ठाविसाव्या दिवशी तू हॉस्पिटलमध्ये होतास, आणि तिथे नाकात नळी असताना मी तुझ्याशी नकाशांवरून कसा भांडणार होतो?

ही झाली माझी गोष्ट. आता तुझी.

नवव्या दिवशी ऋतुजा फोन न करता दारात उभी राहिली. बसलीसुद्धा नाही. "काका, यंत्र द्या. सोमवारी माझी पहिली सर्व्हे फ्लाइट आहे."

"देणार नाही."

"म्हणजे?"

"बाळा, त्याचे नकाशे बंद होणार आहेत. आणि बॅटरीही धरत नाही. ते घेऊन तू वर जाऊ नकोस."

"ते बाबांचं आहे."

"म्हणूनच देत नाही."

तिचे डोळे भरले, पण आवाज तुझाच. "बाबांनी त्यावर एवढी वर्षं काढली. तुम्हाला काय हक्क आहे?"

त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. शुभासमोर, पहिल्यांदा, मी ते सगळं सांगितलं. हॉर्न, केबल, मनोरा, यादी. मी हात गुडघ्यांखाली दाबून बसलो होतो. "तुझा बाप माझ्यामुळे मरता मरता वाचला, आणि मी त्याला थालीपीठ खाऊ घालत खोटं बोललो," असं काहीतरी मी म्हणालो.

ऋतुजा हळूच खुर्चीत बसली.

"काका, बाबांना माहीत होतं."

मला आधी ऐकूच आलं नाही.

"त्याच दिवशी, उतरल्यावर लगेच. यंत्र चालू करताना तारखा दाखवतं ना? बाबा म्हणाले, सकाळी मी घाईत न वाचता ओके दाबलं. वाचल्या असत्या तर निघालोच नसतो. मला शिकवताना दर वेळी सांगायचे ही गोष्ट. पायलट मी, वाचायचं काम माझं. चूक माझी."

"मग मला का नाही बोलला?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, दत्त्याला सांगितलं तर तो परत यंत्राला हात लावणार नाही. आणि एवढ्या भीतीने काम करणारा माणूस मला कुठे मिळणार?"

मोहन, हे ऐकून मला आधी रडू आलं आणि मग तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर गचांडी धरली असती. तुला माहीत होतं! तू ओके दाबलंस, मी केबल ओढली, दोघांची निम्मी निम्मी चूक. आणि तू ती सगळी माझ्याकडे राहू दिलीस, कारण माझी भीती तुझ्या उपयोगाची होती. तू फोन करेपर्यंत मी पायात चप्पल घालायचो नाही, हे तुला दिसत नव्हतं? दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतंस. "दत्त्या, मीही वाचलं नव्हतं." संपलं असतं.

पण रागाच्या तळाशी गेलो की मला "वाच" ऐकू येतं. तू मला दोष दिला नाहीस, यंत्र दुसऱ्याकडे नेलं नाहीस. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तू आपल्या दोघांच्या मध्ये एक पायरी बांधलीस, आणि ती माझ्या लक्षातही येऊ दिली नाहीस. एवढी वर्षं माझ्या हातच्या नकाशावर तू जीव टाकून उडालास. त्याबद्दल मी तुझे पाय धरायला हवेत की कान, हे मला अजून ठरवता येत नाही. मीही एक वाक्य बोलायला हवं होतं. तेही खरंच.

ऋतुजाने त्या दिवशी यंत्र पुन्हा मागितलं नाही. सोमवारची फ्लाइट तिच्या कंपनीने सीनियर पायलटला दिली. तिनेच तसं मागून घेतलं, सामान पूर्ण नाही म्हणून. मग आम्ही दोघं शोधायला बसलो. तिचं म्हणणं, टॅबलेट घेऊ, त्यात सगळं येतं. मी म्हटलं, मे महिन्यात काचेखाली टॅबलेट तापून बंद पडतो, हे तुझ्याच बापाने मला सांगितलंय. तिने दोन पायलट मैत्रिणींना विचारलं, दोघींचे बंद पडले होते. शेवटी लहान, खास विमानासाठीचंच यंत्र ठरलं. उन्हात वाचता येणारं, विमानाच्या विजेवर आणि स्वतःच्या बॅटरीवरही चालणारं, आपल्या विभागाचे नकाशे आतच असलेलं आणि पुढची काही वर्षं ते मिळत राहतील असं बनवणाऱ्या कंपनीने लेखी दिलेलं. टचवालं आहे. तू ओरडशील, पण तिची बोटं बरोबर पडतात. मी बघितलंय.

परवा रविवारी ती नवं यंत्र घेऊन आली. केबल माझ्याकडे सरकवली. मी परत तिच्याकडे सरकवली. "तू भर. मी बसतो." दोन्ही फाइली तिने स्वतः भरल्या. पट्टी सरकत होती तेव्हा बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि मी डोळे पट्टीवरून काढले नाहीत. तिने तारखा वाचल्या, एकदा स्वतःशी, एकदा मोठ्याने. मग यंत्र बंद करून परत चालू केलं आणि पुन्हा वाचल्या. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती निघताना मी दारात म्हणालो, "ऋतुजा, मला भीती वाटते गं." असं मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो.

"मलापण वाटते, काका," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "बाबांना पण वाटायची. इंजिन सुरू करण्याआधी दोन मिनिटं ते कुणाशी बोलायचे नाहीत. तुम्हाला नव्हतं सांगितलं?"

नव्हतं, मोहन. मला वाटायचं, खाली घाबरणारा मी आणि वर हसणारा तू.

आज ती गेली होती. त्याच कोकणपट्टीवर. सकाळपासून मी तीनदा देवापुढे दिवा लावला, दोनदा तो वाऱ्याने विझला, एकदा मीच चुकून हात लागून विझवला. शुभा माझ्याजवळ बसून राहिली. तिलाही आता सगळं माहीत आहे. अडीच वाजता मेसेज आला. "उतरले. हवा खराब होती, परत फिरले, काम उद्या."

परत फिरली. हवा खराब दिसली आणि तुझी मुलगी परत फिरली.

मी ते दोनदा वाचलं, मोबाइल शुभाच्या हातात दिला, आणि म्हणालो, "पान वाढ. भूक लागलीय."